तो आपटावा असं वाटणं आणि तो आपटेल असं म्हणणं

वाचकाचं पत्र:

आमच्या क्लबला चॅम्पियनशिपमधून, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावरून, सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये आणणारा आणि पुढचे तीन हंगाम तिथे टिकवून धरणारा मॅनेजर दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. करार संपला नव्हता. ‘दमलोय, थोडं थांबायचंय’ एवढंच तो म्हणाला. आता त्याचं नाव एका फार मोठ्या क्लबसाठी घेतलं जातंय. मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंही लहानपणापासून याच क्लबचे. दादाचं म्हणणं, ही संधी त्याला केव्हाच मिळायला हवी होती. मी म्हणालो, बचाव करून एक-शून्य जिंकणारा माणूस तो, तिथे सहा महिन्यांत हाकलतील. दादा म्हणाला, तू कृतघ्न आहेस. मीही नको ते बोलून गेलो. तेव्हापासून आम्ही सामने वेगवेगळे बघतो. खरं सांगायचं तर तो तिथे आपटावा असं मला मनापासून वाटतंय. ज्याने इतकं दिलं त्याच्याबद्दल असं वाटणं वाईट आहे का? आणि तुमचं मत काय, जमेल का त्याला? क्लबचं नाव मात्र छापू नका.
– एक चाहता

नमस्कार,

वाईट नाही. ज्याच्यावर कधी जीवच नव्हता तो पुढे कुठे गेला, त्याचं काय झालं, याची आपल्याला पडलेली नसते. त्या काळात तुमच्या क्लबमधून आणखी कितीतरी जण गेले असतील. राखीव गोलकीपर, फिटनेस कोच, एका हंगामापुरते उसने आणलेले खेळाडू. त्यांतल्या कुणाचं वाटोळं व्हावं असं तुमच्या मनातही येत नाही. याचं येतं, कारण हा तुमचा होता आणि जाताना त्याने तुमची बोळवण एका वाक्यात केली.

‘दमलोय’ म्हणाला तेव्हा तुम्ही ते मान्य केलंत. दमलेल्या माणसावर रागावणार तरी कसं? राग तसाच आत राहिला. आता दोन वर्षांनी तो मोठ्या क्लबसाठी ताजातवाना झालाय म्हटल्यावर मनात येणारच, तो फुटबॉलला कंटाळला होता की आम्हाला? हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण सगळं पत्र त्याच्याच भोवती फिरतंय.

त्याच्या मनात काय होतं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण मॅनेजर खरोखर दमतात, एवढं नक्की. एडी हाऊ ३१ वर्षांचा असताना बोर्नमथचा मॅनेजर झाला. २००८-०९ चा तो हंगाम. क्लब चौथ्या स्तरावर, लीग टूमध्ये, आणि दिवाळखोरीच्या प्रकरणात झालेल्या शिक्षेमुळे हंगामाची सुरुवातच उणे १७ गुणांनी. त्याने आधी क्लब वाचवला, मधे काही काळ बर्नलीला जाऊन परत आला, आणि २०१५ मध्ये बोर्नमथला इतिहासात पहिल्यांदाच सर्वोच्च स्तरावर नेलं. पाच हंगाम तिथे काढल्यावर २०२० मध्ये क्लब खालच्या स्तरावर घसरला, हाऊनेही पद सोडलं. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ त्याने कुठलंच काम घेतलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो न्यूकॅसलला गेला तेव्हा त्या संघाने ११ सामन्यांत एकही विजय मिळवलेला नव्हता. त्या हंगामात न्यूकॅसल ११ वं आलं, पुढच्या हंगामात चौथं, आणि मार्च २०२५ मध्ये वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ ने हरवून त्यांनी लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा न्यूकॅसलचा हा पहिला मोठा देशांतर्गत करंडक. मधल्या वर्षभराच्या विश्रांतीत बोर्नमथच्या चाहत्यांचा अपमान होता असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या मॅनेजरने क्लब वर असताना, करार बाकी ठेवून सोडलं, हा फरक आहे आणि तो छोटा नाही. तुमचा राग त्या फरकावर आहे.

असा राग लवकर जात नाही, हेही सांगून ठेवते. युर्गेन क्लॉप २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या मॅनेजरपदावरून बाहेर पडला तो आपली ऊर्जा संपत आल्याचं सांगून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रेड बुल या पेय कंपनीच्या, जर्मनीत अनेक चाहत्यांना खुपणाऱ्या, फुटबॉल क्लबांचा जागतिक प्रमुख होणार असल्याचं जाहीर झालं आणि माइन्झ या जर्मन क्लबच्या चाहत्यांनी स्टेडियममध्ये निषेधाचे फलक झळकवले. लिव्हरपूलच्या नाही, माइन्झच्या! तिथे तो खेळाडू म्हणून ३०० हून अधिक सामने खेळला, मग सात वर्षं मॅनेजर होता, आणि तो क्लब त्याने २००८ मध्येच सोडला होता. इतक्या वर्षांनीही त्या लोकांना वाटतं की हा माणूस आपल्याला काही देणं लागतो. तुमची तर दोनच वर्षं झालीत.

आता जिथे मला तुम्हाला टोकायचंय तिथे येते. ‘सहा महिन्यांत हाकलतील’ हे तुम्ही खेळाबद्दलचं मत म्हणून मांडलंत. दादाने ते तसं ऐकलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. तो तुम्हाला लहानपणापासून ओळखतो. तुमच्या आवाजात काय होतं ते त्याला बरोबर कळलं. मताशी वाद घालता येतो, इच्छेशी काय घालणार? म्हणून तो खेळ सोडून कृतघ्नपणावर आला. आणि खरं बोलायचं तर दादाचं ‘केव्हाच मिळायला हवी होती’ हेसुद्धा मला निखळ मत वाटत नाही. तो मॅनेजर मोठ्या क्लबात गेला की दादाला लोकांना सांगता येईल, बघा, आम्ही म्हणतच होतो. दोघांनाही त्या माणसाकडून आपलं काहीतरी सिद्ध करून घ्यायचंय. दादाला वाटतं तो जिंकला की आपली वर्षं खरी ठरतील. तुम्हाला वाटतं तो हरला की आपल्याशिवाय तो कुणी नव्हता हे ठरेल.

तुमचा हिशेब उलटा लागतो, हे डेव्हिड मॉयसच्या बाबतीत दिसलंय. मॉयस ११ वर्षं एव्हर्टनला होता. २००४-०५ मध्ये त्याने बेताच्या पैशांत क्लबला चौथ्या स्थानी नेलं होतं, लिव्हरपूलच्याही वर. २०१३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसनने निवृत्त होताना आपल्या जागी त्याची निवड केली आणि मँचेस्टर युनायटेडने त्याला सहा वर्षांचा करार दिला. एप्रिल २०१४ मध्ये युनायटेड एव्हर्टनच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, एव्हर्टनकडून ०-२ ने हरलं. प्रेक्षकांत एक जण काळ्या झग्यात, हातात कोयता घेऊन, मृत्यूचं सोंग करून मॉयसच्या मागे उभा होता. दोन दिवसांनी मॉयसला काढलं. तो आपटावा असं वाटणाऱ्या एव्हर्टनच्या चाहत्यांच्या मनासारखं झालं. पण मग लोक बोलू काय लागले? हा मुळातच मध्यम कुवतीचा मॅनेजर, एव्हर्टनमध्ये त्याने नुसते दिवस काढले. मोठ्या क्लबातल्या दहा महिन्यांनी छोट्या क्लबातली ११ वर्षं झाकोळली. तुमचा मॅनेजर खरोखर सहा महिन्यांत हाकलला गेला तर तुमच्या प्रमोशनच्या हंगामाबद्दलही लोक हेच म्हणतील. नशीब होतं, म्हणतील. तुमच्या आनंदाचे दिवस इतरांच्या लेखी त्याने वाढणार नाहीत, घटतील.

त्यातच, मॉयस युनायटेडमध्ये धडपडत होता त्याच हंगामात एव्हर्टन नव्या मॅनेजरच्या हाताखाली ७२ गुण मिळवून पाचवं आलं. ग्रॅहम पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रायटन सोडून चेल्सीला गेला, तेव्हाही तसंच. ऑक्टोबरअखेर तो चेल्सीला घेऊन ब्रायटनला आला, लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि ब्रायटनने सामना ४-१ ने जिंकला. हंगामाअखेर ब्रायटन सहावं, पहिल्यांदाच युरोपियन स्पर्धेसाठी पात्र. चेल्सी बारावं, आणि पॉटर एप्रिलमध्येच गेलेला. या दोन्ही क्लबांच्या चाहत्यांना ‘त्याच्याशिवाय आपलं काय’ याचं उत्तर मैदानावर, स्वतःच्या संघाकडून मिळालं. तुमचं उत्तरही तिथेच मिळेल.

मॉयसची गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून सांगते. जानेवारी २०२५ मध्ये एव्हर्टन सोळावं, खाली जाण्याच्या उंबरठ्यावर, आणि त्यांनी बोलावलं कुणाला तर मॉयसला. तो आला, संघ तेरावा संपला, आणि मे महिन्यात गुडिसन पार्कवरचा पुरुष संघाचा अखेरचा सामना त्याच्याच हाताखाली खेळला गेला, जिंकलाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच मैदानावर त्याच्या मागे कोण उभं होतं ते वर सांगितलंच आहे.

आता, जमेल का त्याला. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुम्ही ‘बचाव करून एक-शून्य’ म्हणून जे निकालात काढलंय त्यात अर्धं खरं आहे.

खरं असं, की छोट्या क्लबला समोरचा संघ जागा देतो. तो चाल करून येतो, त्याच्या बचावफळीच्या मागे मैदान मोकळं पडतं, आणि दोन वेगवान खेळाडू असतील तर प्रतिहल्ल्यावर सामना काढता येतो. मोठ्या क्लबला ही जागा मिळत नाही. समोरचे दहा जण स्वतःच्या पेनल्टी बॉक्ससमोर ठाण मांडून बसतात. चेंडू तुमच्याकडे, पण पुढे करायचं काय? तो तट फोडणं हे वेगळंच कसब आहे. शिवाय दर तीन-चार दिवसांनी सामना, मधे सराव करून घ्यायला वेळ नाही. छोट्या क्लबात आठवडाभर घोटून घेतलेल्या चाली हेच ज्या मॅनेजरचं बळ, त्याची तिथे पंचाईत होते. बाकावर बसवलेला खेळाडू देशाच्या संघातला असतो, त्याचं रुसणं बातमी होतं. दादाने हे मान्य करायला हवं.

पण तुम्ही विन्सेंट कोम्पनीकडे बघा. २०२३-२४ मध्ये त्याची बर्नली प्रीमियर लीगमध्ये २४ गुणांवर थांबली. पाच विजय, एकोणिसावं स्थान, थेट खाली. मागून पासिंग करत चेंडू पुढे न्यायचा, बचावफळी वर ठेवायची, हा हट्ट त्याने हरतानाही फारसा सोडला नाही. त्याच मे महिन्यात बायर्न म्युनिकने त्याला नेमलं, तेव्हा किती लोक हसले असतील! २०२४-२५ मध्ये, त्याच्या पहिल्याच हंगामात, बायर्नने बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, जिंकली. बर्नलीच्या खेळाडूंना जो खेळ पेलला नाही तो बायर्नच्या किमिश, मुसियाला, केन यांना पेलला. त्याचे बर्नलीतले निकाल बघून निवड केली असती तर बायर्नने त्याला दारात उभं केलं नसतं. त्यांनी तो करू काय बघतोय ते पाहिलं.

तुमच्या मॅनेजरच्या बाबतीत हे कसं ओळखायचं? प्रीमियर लीगमधले तीन हंगाम बाजूला ठेवा. त्याआधीचा चॅम्पियनशिपमधला, प्रमोशनचा हंगाम आठवा. तिथे तुम्ही तगडे होता, आणि तुमच्या मैदानावर आलेले निम्म्याहून अधिक संघ बचाव करूनच बसले असतील. तेव्हा त्याने काय केलं? तट फोडण्यासाठी त्याच्याकडे काही योजना होती, की कॉर्नर आणि फ्री किकवर भिस्त होती? शून्य-शून्य असताना साठाव्या मिनिटाला तो कुणाला आत आणायचा? एक गोल झाल्यावर दुसरा शोधायचा की दार लावून घ्यायचा? वरच्या लीगमध्ये तो बचाव आवडीने करत होता की नाइलाजाने, हे त्या हंगामातून कळेल. आणि ते सामने तुम्ही दोघांनी शेजारी बसून बघितले आहेत.

उरलेलं त्याच्या हातात कमी आणि त्या क्लबच्या हातात जास्त आहे. पॉटरच्या अपयशाचा सगळा दोष मी पॉटरला देणार नाही. आपले सहाय्यक तो सोबत घेऊन गेला होता, तरी क्लबचे नवे मालक खेळाडू विकत घेतच सुटले होते. संघात तीसहून जास्त माणसं झाली, आणि हंगामाच्या मधे वर्ल्ड कप. नुनो एस्पिरितो सांतो वुल्व्ह्जमधून टॉटनहॅमला गेला तो क्लबची इतर अनेकांशी बोलणी फिसकटल्यावर. तो पहिल्या पसंतीचा नाही हे खेळाडूंपासून प्रेक्षकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जून २०२१ च्या शेवटच्या दिवशी नेमणूक, १ नोव्हेंबरला हकालपट्टी. पुढे याच माणसाने नॉटिंगहॅम फॉरेस्टला २०२४-२५ मध्ये सातव्या स्थानी नेलं.

तेव्हा माझं मत विचाराल तर मी दोन गोष्टी बघेन. क्लबने त्याला पहिली पसंती म्हणून बोलावलं का, आणि हाती काय येतंय. हाऊला तळाचा संघ मिळाला, तिथून कुठलंही पाऊल वरच पडणार होतं. मॉयसला विजेत्यांची गादी मिळाली, तिथून खालीच यायचं होतं. तुमच्या मॅनेजरला घसरलेला, भेदरलेला मोठा क्लब मिळत असेल तर त्याचं जमेल असंच मी म्हणेन, कारण अशा संघाला आधी गोल खाणं थांबवावं लागतं आणि ते त्याला येतं. चांगला चाललेला संघ मिळत असेल तर तुमचं भाकीत खरं होण्याची भीती मलाही वाटते.

दादाकडे जाल तेव्हा यातलं काही आधी बोलू नका. आधी सांगा, की तो गेला तेव्हापासून मला राग आहे आणि म्हणून मी तसं बोललो. नको ते बोललात त्याची माफी वेगळी मागा, मॅनेजरच्या विषयात गुंडाळून नको. आणि त्याला विचारा, तो गेला त्या दिवशी तुला काय वाटलं होतं? तुम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधी नीट बोलला आहात असं पत्रावरून वाटत नाही. कदाचित दादालाही तेवढंच लागलेलं असेल, आणि त्या माणसाचं कौतुक करत राहणं ही त्याची सावरण्याची रीत असेल.

मग वाद घाला, खुशाल घाला. फक्त तो खरोखर नेमला गेला तर हंगाम सुरू होण्याआधी दोघांनी ठरवून घ्या, यश कशाला म्हणायचं. नाहीतर टॉटनहॅमसारखं होईल. २०२४-२५ मध्ये अँज पोस्टेकोग्लूचा संघ लीगमध्ये सतरावा आला आणि त्याच हंगामात युरोपा लीगही जिंकला, २००८ नंतरचा त्यांचा पहिला करंडक. दोन आठवड्यांनी क्लबने त्याला काढलं. यावर दोन भाऊ आयुष्यभर भांडू शकतात आणि दोघांचंही बरोबर असू शकतं.

आणि नेमणुकीची वाट बघत बसू नका. मोठ्या क्लबची जागा रिकामी होणार म्हटली की पाच-सहा नावं हवेत येतात. त्यांतली काही एजंटांनीच सोडलेली असतात, दुसरीकडे चांगला करार पदरात पाडून घेण्यासाठी. एक जण निवडला जातो, बाकीच्यांचं बोलणंही झालेलं नसतं. तुमचा मॅनेजर कुठेच न जाता घरी बसण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. तुमच्या क्लबचा पुढचा सामना मात्र ठरलेला आहे. त्याच्या आत दादाला फोन करा.